पलंगाखालची पेटी

४ नोव्हेंबर १९३८, निपाणी

बेळगावच्या कॅम्पातल्या मोटारखान्यात होतो, तेव्हा गोऱ्या सार्जंटने सवय लावली. बॅटरी किती भरली आहे ते दाखवणारा काचनळीवरचा आकडा रोज वहीत लिहायचा आणि खाली दिवसभरात काय झालं ते. कॅम्पातली नोकरी सुटली, सवय राहिली. म्हणून ही नवी वही.

नवी नोकरी निपाणीत, तंबाखूचे व्यापारी कलगोंडा अण्णा यांच्याकडे. त्यांच्या मंडळी पद्मावती आक्का यांना दमा आहे. घरामागे वखार, सगळीकडे तंबाखूची बुकणी उडते. डॉक्टरांनी सांगितलं, निपाणीबाहेर मोकळ्या हवेत ठेवा. एका जागी राहून गुण येईना, म्हणून अण्णांनी जुन्या लॉरीवर लाकडी घर बांधून घेतलं. आत पलंग, खिडक्या, पडदे, दोन दिवे आणि विजेचा पंखा. लोक तिला घरमोटार म्हणतात. दिवे आणि पंखा चालतात चार बॅटऱ्यांवर, आणि त्या असतात आक्कांच्या पलंगाखालच्या पेटीत. मोटार हाकणं आणि बॅटऱ्या सांभाळणं ही माझी कामं. चार्ज करायला छोटं पेट्रोल इंजिन आहे. ते वीस पावलं लांब ठेवून तारा आत आणतो, म्हणजे इंजिनाचा धूर आक्कांना लागत नाही. ही युक्ती माझी.

अण्णांनी विचारलं, "बॅटरीत पाणी घालतोस ते गाळून घेतोस न्हवं?" म्हटलं, "अण्णा, ते वाफेचं पाणी, गाळलेल्याहून शुद्ध." तरी त्यांनी फडकं दिलंच. जैनांचं घर, पाणी गाळल्याशिवाय वापरायचं नाही.

चारी बॅटऱ्या १२५०.

८ नोव्हेंबर, स्तवनिधी

डोंगराच्या पायथ्याला मोटार लावली आहे. हवा कोरडी, छान. आक्का सकाळी देवळापर्यंत चालत गेल्या आणि आल्यावर चक्क हसल्या. माणसं आम्ही चारच. अण्णा, आक्का, मी आणि स्वैपाकाच्या शालनमावशी. मावशी सदलग्याच्या, विधवा, अण्णांच्या घरात वीस वर्षं. मोटारीच्या मागच्या दाराशी त्यांची चूल. दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं उरकतात. मी हिंदू असलो तरी माझं ताट बाजूला काढत नाहीत. म्हणतात, "नागोजी, तुझी मनुबाई पोटुशी हाय न्हवं? मग तू दोघांचं खा की रं."

१२५५.

११ नोव्हेंबर

आज एक चांगलं काम केलं. सुताराने बॅटरीच्या पेटीला बाहेरच्या बाजूने मुठीएवढी दोन भोकं ठेवली होती. त्यातून रस्त्याची सगळी धूळ बॅटऱ्यांवर बसत होती. भोकांत फडक्यांचे बोळे घातले आणि वरून पत्रा ठोकला. आता पेटी स्वच्छ. दुपारी आक्का झोपल्या होत्या तेव्हा अडीच तास चार्ज केलं. चार बॅटऱ्यांच्या बाराही खणांना सारखी उकळी फुटली. सार्जंट म्हणायचा, उकळी फुटल्याशिवाय बॅटरी भरली असं समजू नका. पेटीला कान लावला की पाऊस लांबून यावा तसा आवाज येतो.

१२६५. इतका आकडा कॅम्पातसुद्धा क्वचित यायचा.

१६ नोव्हेंबर

आक्का चार दिवस खोकत आहेत. काल संध्याकाळी दम लागला, बसूनच होत्या. पंखा सारखा चालू ठेवावा लागतो, त्यामुळे बॅटऱ्या लवकर उतरतात आणि मला दिवसाआड चार्ज करावं लागतं.

अण्णांनी मला बाजूला घेतलं. "हवा तर चांगली हाय. मग हे कशानं रं?"

मी म्हटलं, "चुलीचा धूर मागच्या दारानं आत येतोय असं वाटतंय."

खरंच वाटलं, म्हणून सांगितलं. अण्णांनी लगेच मावशींना चूल दहा पावलं लांब मांडायला लावली. मावशी उन्हात दगड उचलत होत्या, मी दोन उचलून दिले.

२१ नोव्हेंबर, गोकाक रस्ता

जागा बदलली. गोकाकच्या अलीकडे माळावर आहोत. आक्कांचा खोकला आहेच. आज नवीनच निघालं. त्यांच्या दोन सुती लुगड्यांना बारीक बारीक भोकं पडली आहेत. अंथरुणाच्या चादरीलाही. अण्णा मावशींवर संतापले, "धुण्यात सोडा किती घालतीस? कापड खाल्लं सगळं!"

मावशी म्हणाल्या, "चाळीस वर्सं धुणं धुतोय अण्णा, एक धागा तुटला न्हाय. नागोजी, तू तरी सांग की."

मी म्हटलं, सोडा कडक आला असंल बाजारातनं.

आक्कांनी मला विचारलं, "आत आंबूस वास येतो का रं?" मला तर कसलाच वास आला नाही. सार्जंटच्या हाताखाली मोटारखान्याच्या वासात पाच वर्षं गेली, नाकात काही उरलं असेल असं वाटत नाही.

१२६०. रोज चार्ज करतो.

२४ नोव्हेंबर

चूल आता चाळीस पावलांवर. ताट येईपर्यंत भाकरी गार होते. आक्का जेवत नाहीत.

२७ नोव्हेंबर

वाईट दिवस. दुपारी चार्ज चालू असताना आक्कांना मोठा अटॅक आला. ओठ निळे पडले. अण्णांनी उचलून बाहेर आणलं, तेव्हा कुठे तासाभराने श्वास ताळ्यावर आला. मी त्या वेळातही पंख्याला कमी पडू नये म्हणून इंजिन बंद केलं नाही.

संध्याकाळी अण्णांनी मावशींना घरी जायला सांगितलं. मावशी आक्कांच्या पायाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "आज तर चूल पेटलीच न्हवती अण्णा दुपारी."

"तुझ्या लुगड्यात धूर बसलाय. तुझ्या हाताला धूर हाय. आयतु, झालं आता. ऊठ." हे कानडी ‘आयतु’ अण्णा वखारीत हमालांना म्हणतात, सौदा संपला की.

आक्का बोलण्याच्या स्थितीत नव्हत्या. मावशींनी बोचकं बांधलं. मी बॅटऱ्यांची टोकं पुसत होतो. त्या माझ्याजवळ येऊन थांबल्या, मी काहीतरी म्हणेन असं त्यांना वाटलं असावं. मी म्हटलं, "जपून जावा." गोकाकला जाणाऱ्या बैलगाडीत बसल्या. गाडी वळणावर गेली तरी तोंड आमच्याकडेच होतं.

वाईट वाटलं. पण आक्कांचा जीव मोठा.

३० नोव्हेंबर

आता चूलच नाही. गावातल्या एका जैनाच्या घरून डबा येतो. तरी आज परत दम लागला. अण्णा म्हणाले, इतक्या दिवसांचा धूर पडद्यांत मुरला असणार. मलाही पटलं. पडदे काढून ओढ्यावर धुतले. तीन पडदे हातात फाटले. जुनं कापड.

पंखा रात्रंदिवस. चार्ज तीन तास. १२६५.

३ डिसेंबर, बेळगाव

पहाटे निघालो ते थेट बेळगावला. आक्का अण्णांच्या खांद्याला टेकून बसलेल्या, प्रत्येक श्वासाला शिट्टी वाजत होती. मी मोटार हाकत होतो आणि मागे शिट्टी ऐकू येते का तेवढंच ऐकत होतो. ऐकू आली की बरं वाटायचं. डॉक्टरांनी दंडात इंजेक्शन दिलं. म्हणाले, अजून तासभर उशीर केला असता तर माझ्याकडे आणून उपयोग नव्हता.

आकडे घेतले नाहीत.

९ डिसेंबर, खासबाग

आक्का खासबागेत अण्णांच्या चुलतभावाच्या घरी आहेत. त्या घरात पंखा नाही. चूल माजघराशेजारीच आहे आणि लाकडं ओली. तरी सहा दिवसांत एकदाही दम लागला नाही. काल पायरीवर बसून शेंगा फोडत होत्या. सगळे म्हणतात, इंजेक्शनचा गुण.

मोटार अंगणात उभी आहे. अण्णा म्हणाले, आठवड्याने परत निघू, बॅटऱ्या तयार ठेव.

१२ डिसेंबर



सकाळी बॅटऱ्या साफ करायला चिंध्या मागितल्या. आक्कांनी ते भोकं पडलेलं लुगडं दिलं. "फाड आन् वापर," म्हणाल्या. फाडायला गेलो तर जोर लावावाच लागला नाही. पिठासारखं सुटत गेलं. भोकांच्या कडा पिवळट, कडक. माझ्या कॅम्पातल्या प्रत्येक सदऱ्याला असलीच भोकं होती.

ॲसिड सांडलं तर मारायला खायचा सोडा माझ्याकडे असतोच. पाण्यात कालवला आणि लुगड्याचा भोकं पडलेला काठ त्यात बुडवला. फसफसलं.

धुण्याच्या सोड्याने भोकं पडली असती तर फसफसलं नसतं.

पेटी उघडली. झाकणाची आतली बाजू ओलसर. बोट लावून जिभेला लावलं. आंबट, झोंबणारं. उकळी फुटते तेव्हा ॲसिडचे बारीक तुषार उडतात, डोळ्यांना दिसत नाहीत, हे मला सार्जंटने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. म्हणून तर मोटारखान्यात बॅटऱ्या उघड्या छपरीत ठेवायचे. म्हणून तर सुताराने भोकं ठेवली होती. ती मी बुजवली. मग सगळं गेलं कुठे? फळ्यांच्या फटींतून वर, आक्कांच्या अंथरुणात. वरून पंखा.

ही वही मागे उलटून पाहिली. अकरा तारखेला भोकं बुजवली. त्याआधी एकही खोकला नाही. नंतर आकडा जितका चांगला, तितका आक्कांचा दिवस वाईट. दोन्ही मीच लिहिलंय, एकाखाली एक. खोकला वाढला की पंखा वाढवत होतो, पंखा वाढला की चार्ज वाढवत होतो.

१३ डिसेंबर

पत्रा काढला, बोळे काढले. आणखी चार भोकं पाडली. पलंगाखाली शिशाचा पत्रा आणि वरून डांबर लावून एकही फट ठेवली नाही. अंथरूण, गादी, सगळं नवं करायला लावलं. अण्णांना सांगितलं, जुन्यात धूर बसलाय. यापुढे आक्का आत असताना चार्ज करणार नाही.

अण्णांना खरं सांगायला दोनदा त्यांच्यापर्यंत गेलो. पहिल्यांदा पाहुणे होते. दुसऱ्यांदा कोणी नव्हतं.

२० डिसेंबर, स्तवनिधी

परत डोंगराच्या पायथ्याला. चार दिवस आक्का मोटारीत राहतात, एक खोकला नाही. अण्णांच्या डोळ्यांत पाणी. मला जरीकाठी फेटा दिला. म्हणाले, "तू धूर वळखलास म्हणून ही वाचली. ती बाई राहिली असती तर आज मी एकटा असतो."

मी फेटा घेतला.

१२४०. उकळी फुटायच्या आत बंद करतो. एवढ्यावर पंखा निवांत चालतो. आधीही चालला असता.

२ जानेवारी १९३९

सदलग्याचा एक माणूस देवळात आला होता. आक्कांनी मावशींची चौकशी केली. तो म्हणाला, भावाच्या घरी आहे. पण भावजय, कांता, तिला चुलीजवळ येऊ देत नाही. निपाणीच्या सावकारिणीचा जीव हिच्या हाताच्या धुराने जात होता म्हणे, घरात लहान पोर आहे. गावात कोणी कामाला बोलवत नाही. म्हातारी गोठ्याच्या दाराशी बसून असते.

आक्का म्हणाल्या, "मला त्या दिवशी बोलता आलं असतं तर मी तिला जाऊ दिलं नसतं. पण आता वाटतं, ती गेली म्हणूनच मी बरी झाले. असलं वाटल्याचंच पाप लागल बघ मला."

मी विहिरीवर गेलो आणि तिथेच बसलो.

५ जानेवारी

जेवण जात नाही. कडोलीहून मनुबाईचं पत्र शेजारच्या मास्तरांनी लिहून पाठवलंय. दिवस भरत आलेत. फेट्याची गोष्ट तिला कळली आहे, गावभर सांगते आहे.

सांगितलं तर ही नोकरी जाईल. कॅम्पात परत घेणार नाहीत. हे सगळं बरोबर आहे, तरी मावशी गोठ्याच्या दाराशी आहेत.

७ जानेवारी

सांगितलं.

आक्का आणि अण्णा झाडाखाली बसले होते. मी उभा राहूनच सगळं सांगितलं. भोकं, बोळे, उकळी, लुगडं. ही वही पुढे ठेवली. अण्णांनी उघडली नाही.

"तुला कळलं कवा?"

"बारा डिशेंबरला."

"आन् आज?"

"सात जानेवारी."

अण्णा बोटांवर मोजत होते. "सव्वीस दिवस," म्हणाले. "फेटा घेताना बी ठावं हुतं तुला?"

"व्हय."

वाटलं, मारतील. त्यांनी तोंड दुसरीकडे केलं आणि म्हणाले, "तिला उतरिवलं मी. तिच्या तोंडावर बोललो. हाताला धूर हाय म्हटलो." ते मला सांगत नव्हते. मग म्हणाले, "पत्र धाडू. धान्य धाडू गाडीभर."

आक्का म्हणाल्या, "पत्र ती वाचती व्हय? वीस वर्सं आमच्या घरात होती, तुम्हाला ठावं न्हाय तिला वाचता येत न्हाय ते? माणूस गेला पायजे."

मी आक्कांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले. "माझ्यापाशी नगं. मी जिती हाय. तिच्याकडं जा, आन् दारात न्हाय, चार माणसांत सांग."

अण्णा म्हणाले, "किल्ली त्या फळीवर ठेव. तू हो पुढं. मी मागनं येतो."

किल्ली आणि फेटा फळीवर ठेवले. बॅटरीचं कसं करायचं ते कागदावर लिहून पेटीला चिकटवलं: भोकं बंद करू नयेत. आक्का आत असताना चार्ज करू नये. १२४० पुरे. कागद नीट बसला का ते तीनदा पाहिलं.

१० जानेवारी, सदलगा

अण्णांची दोन दिवस चिकोडीत वाट पाहिली. वखारीत माल आला असेल, आले नाहीत. प्रवाशांची सर्व्हिस मोटार इकडे येत नाही, चालत आलो.

मावशी गोठ्याच्या दाराशी सुपात मसुरी निवडत होत्या. मला पाहून सूप खाली ठेवलं. "आक्का गेल्या?" म्हणाल्या.

"न्हाय मावशी. आक्का बऱ्या हायत. चालत देवळात जात्यात."

त्यांनी डोळे मिटले. मी समोर मातीत बसलो आणि सांगितलं. बॅटरी म्हणजे काय, उकळी म्हणजे काय, हे सांगताना अडखळत होतो. त्या नुसत्या माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"म्हंजे माझ्या हातानं न्हाय?"

"न्हाय मावशी. माझ्या हातानं."

"आन् लुगडी?"

"ती बी माझ्याच हातानं."

"परत सांग."

परत सांगितलं.

"आता उठून सांग. मोठ्यांदा. कांता आत हाय."

मी उठलो. अंगणात उभा राहून ओरडून सांगितलं. शेजारची माणसं दगडी गडग्यावरून डोकावली. एकाने विचारलं, काय झालं? त्यालाही सांगितलं. कांता दारात येऊन उभी राहिली, कडेवर दीड-दोन वर्षांचं पोर. तिच्याकडे बघून परत पहिल्यापासून सांगितलं. पाच वेळा सांगून झालं, तेव्हा मावशी म्हणाल्या, "पुरे."

मग हळू आवाजात बोलल्या, फक्त मला ऐकू येईल असं. "ह्ये पोरगं खोकलं की मी लांब जाऊन बसायची. श्वास धरून बसायची. मला बी वाटाय लागलतं, माझ्यातच कायतरी हाय."

मी म्हटलं, आक्कांनी बोलावलंय, चला.

"त्यांना सांग, शालन सुखी हाय. मी येनार न्हाय." मग म्हणाल्या, "तुझी मनुबाई बाळंत झाली?"

"अजून न्हाय."

"मग हितं काय करतोस? जा घरला."

त्यांनी हंड्यातलं पाणी घेऊन हात धुतले, कोपरापर्यंत, सावकाश. कांता दारातून बाजूला झाली. मावशी आत गेल्या. दिवस मावळायला अजून अवकाश होता. मला थांब म्हणाल्या नाहीत, जेव म्हणाल्या नाहीत. मी गडग्याबाहेर चपला घालत होतो, तेव्हा चूल पेटल्याचा वास आला. दारातून धूर अंगणात आला आणि आत भाकरी थापायचा आवाज सुरू झाला.

मग पोरगं खोकलं. थापायचा आवाज थांबला. मीही तसाच उभा राहिलो, एक चप्पल हातात धरून.

थोड्या वेळाने भाकरी परत थापली जाऊ लागली.